सरताज करून टाका एकदा

लेबर डेचा लाँग वीकेंड, मिनीव्हॅनमध्ये सासू-सासरे, मागच्या सीटवर दोन पोरं कानात बोंडं घालून, ट्रंकमध्ये दशम्या, लसणाची चटणी आणि एक अख्खा प्रेशर कुकर (का ते विचारू नका), असे आम्ही शनिवारी सकाळी एडिसनहून नायगाऱ्याला निघालो. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी माणसाला भारतातून आलेल्या प्रत्येक पाहुण्यामागे एक नायगारा करावाच लागतो, माझा हा सहावा. आणि हायवेला लागल्या लागल्या मी सवयीने क्लासिक रॉकचं स्टेशन लावलं आणि लगेच पस्तावलो, कारण लाँग वीकेंड म्हणजे काउंटडाउन हे मी दरवर्षी विसरतो. सर्वकाळातली महान पाचशे गाणी, तुम्ही श्रोत्यांनी निवडलेली, शुक्रवार दुपारपासून सोमवार रात्रीपर्यंत, आणि मध्ये मध्ये गाद्यांच्या सेलच्या जाहिराती. लेबर डेला अमेरिकेत एवढ्या गाद्या का विकतात हे मला वीस वर्षांत कळलेलं नाही.

मी बंद करणार तेवढ्यात मागून सासऱ्यांचा आवाज आला, "काय मोजतायत हो ते?" म्हटलं बाबा, गाण्यांचे नंबर आहेत, उलटे, पाचशेपासून एकपर्यंत. झालं. बाबा वाईचे, वय पंच्याहत्तरच्या पुढे, आणि सिलोनवर दर बुधवारी रात्री आठला लागणाऱ्या बिनाका गीतमालेवर वाढलेले. म्हणजे नुसते ऐकणारे नाहीत, वहीत लिहून ठेवणारे. कुठलं गाणं कितव्या पायदानावर, गेल्या आठवड्यात कुठे होतं, वर गेलं की खाली आलं, सगळं. निवेदक अमीन सायानींचं "बहनों और भाइयों" ते अजून हुबेहूब काढतात. त्यांनी ताबडतोब कागद मागितला. ग्लव्ह बॉक्समधून हातभर लांब कॉस्टकोची पावती निघाली, खिशाला पेन होतंच, आणि बाबा सरसावून बसले.

आता त्यांना या गाण्यांची नावं माहीत असायचं काही कारण नाही, त्यामुळे त्यांची यादी त्यांच्या पद्धतीची. "टाळ्यांचं." "कुत्र्यासारखं ओरडतो तो." एका गाण्याला मान वाकडी करून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "मागे कोणीतरी गाईच्या गळ्यातली घंटी बडवतंय." मी चाट पडलो, कारण ब्लू ऑयस्टर कल्ट या बँडच्या 1976 च्या त्या गाण्यात खरंच काउबेल आहे आणि अमेरिकेत त्याच्यावर जोक होऊन होऊन तो जुना झालाय. बाबांनी लिहिलं, "घंटी, 341."

इथे माझ्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर वाटेल की हा रॉकचा शत्रू. उलट आहे. पुण्याला इंजिनीअरिंगच्या होस्टेलवर रूम पार्टनरकडे नव्वद मिनिटांची एक कॅसेट होती, कॉपीची कॉपी, त्यात साइड ए च्या शेवटी लेड झेपलिन या बँडचं 'स्टेअरवे टू हेवन'. गाणं आठ मिनिटांचं आणि पट्टी सहा मिनिटांचीच शिल्लक, त्यामुळे सुरुवातीची ती गिटार, मग रेकॉर्डर नावाची बासरीसारखी वाद्यं, चार मिनिटं उलटल्यावर येणारे ड्रम्स, हे सगळं व्हायचं आणि गिटारवाल्या जिमी पेजचा सोलो सुरू झाला रे झाला की खट्ट. प्ले बटण वर. चार वर्षं मी ते गाणं तेवढंच ऐकलं, पुढे काय होतं ते ज्याने पूर्ण ऐकलंय असा सीनियर तोंडाने वाजवून दाखवायचा. मग अमेरिकेत आलो, पहिली सेकंडहँड गाडी घेतली, आणि एका रात्री लायब्ररीतून घरी येताना रेडिओवर ते लागलं आणि खट्ट झालंच नाही. पुढे गेलं. मी गाडी एका बंद पेट्रोल पंपावर उभी केली आणि शेवटपर्यंत ऐकलं. अंगावर काटा म्हणजे काय ते तेव्हा कळलं.

आणि आता तेच गाणं लागलं की माझा हात आपोआप चॅनल बदलतो. याचा राग आहे माझा. गाणं वाईट नाही झालं, मी म्हातारा झालो असेन पण एवढाही नाही, त्यांनी वाजवून वाजवून त्याचा चोथा केला. 1991 साली न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीच्या एका स्टेशनने फॉरमॅट, म्हणजे गाण्यांचा प्रकार, बदलतोय हे जाहीर करायला ते चोवीस तास सलग लावलं होतं. आठ मिनिटांच्या हिशेबाने 180 वेळा बसतं. आणि खुद्द गाणारा रॉबर्ट प्लांट, त्याने पोर्टलंडच्या एका लोकवर्गणीवर चालणाऱ्या स्टेशनला देणगी दिली होती, का तर तिथला माणूस म्हणाला पैसे दिलेत तर आम्ही 'स्टेअरवे' पुन्हा कधीच लावणार नाही. आपल्याच गाण्यापासून सुटका करून घ्यायला गायकाने खिशात हात घातला, यापुढे मी काय बोलणार.

डेलावेअर वॉटर गॅप ओलांडून पोकोनोच्या डोंगरात शिरलो आणि स्टेशन खरखरायला लागलं. मी स्कॅन दाबलं, पुढच्या गावाचं क्लासिक रॉक लागलं, आणि तिथेही काउंटडाउन! तोच भारदस्त आवाज, त्याच गाद्या. फक्त इथे 212 नंबर चालू होता. थोड्या वेळाने परत ती घंटी वाजली. बाबा पावतीवर मागे गेले, पेनाने शोधलं, "अहो हे तर 341 होतं, एवढ्यात 205 वर कसं चढलं?" म्हटलं बाबा, हे वेगळं गाव, वेगळे लोक. त्यांनी पावतीवर उभी रेघ मारून दुसरा कॉलम पाडला. स्क्रँटनच्या पुढे जाईपर्यंत दोन्ही कॉलम भरत आले आणि त्यांच्या लक्षात आलं की गाणी सगळी तीच आहेत, थोडी वर-खाली. "हे म्हणजे एकाच बोर्डाचे दोन निकाल," बाबा म्हणाले, "बोर्डात येणारी पोरं तीच."

आता हे असं का होतं ते मी त्यांना ड्रायव्हिंग करता करता समजावलं, बायको "रस्त्याकडे बघ" म्हणत असताना. एके काळी या स्टेशनांवर डीजे स्वतः रेकॉर्ड निवडायचा. 1971 मध्ये आलेलं 'स्टेअरवे' अमेरिकेत सिंगल म्हणून विकायला कधी निघालंच नाही, आठ मिनिटांचं गाणं, नियमाने कोणी लावायलाच नको होतं, पण रात्रीच्या एफएमवरच्या डीजेंना आवडलं म्हणून त्यांनी लावलं आणि लोकांनी फोन करून करून परत लावायला लावलं. म्हणजे ते मोठं झालं ते कोणीतरी यादी मोडली म्हणून. आणि आज त्याच गाण्याच्या नावाने यादी चालवतात.

नंतर सल्लागार आले. मग सर्वे. हॉटेलच्या हॉलमध्ये लोकांना पैसे देऊन बसवतात, शेकडो गाण्यांचे सात-दहा सेकंदांचे तुकडे ऐकवतात, प्रत्येकाला मार्क द्या म्हणतात. सात सेकंदांत माणूस ओळखीच्या गाण्यालाच मार्क देणार, दुसरं काय करेल? ज्याला कमी मार्क ते बाद. उरतात चार-पाचशे. 1996 च्या कायद्याने एका कंपनीने देशभरात किती स्टेशनं घ्यायची याची मर्यादाही उठली, आधी चाळीस होती, मग पुढच्या काही वर्षांत एकट्या कंपनीकडे हजारावर स्टेशनं गेली, आणि तीच चार-पाचशे गाणी गावोगाव. वर्षभर हीच ऐकवायची आणि मग लेबर डेला विचारायचं, सांगा बरं तुमचं आवडतं गाणं कुठलं? वर्षभर मेसमध्ये वांग्या-बटाट्याचीच भाजी, आणि गॅदरिंगला आवडत्या भाजीचं मतदान.

आणि ज्यांना वर्षभर वाजवत नाहीत त्यांना कोण मत देणार? बायका हाताच्या बोटावर. काळी माणसं म्हणजे जिमी हेंड्रिक्स, आणि मग परत जिमी हेंड्रिक्स. ज्या अल्बमवर 'स्टेअरवे' आहे त्याच अल्बमचं शेवटचं गाणं मेम्फिस मिनी नावाच्या बाईने नवऱ्याबरोबर 1929 साली रेकॉर्ड केलेल्या गाण्यावरून घेतलंय. झेपलिनचं यादीत असतं, मिनीबाई पाचशेत काय, पाच हजारांतही दिसायच्या नाहीत.

बायको म्हणते एवढा त्रास होतो तर फोनवरून गाणी लाव ना. तिला कसं सांगू, मला माझी गाणी माहीत आहेत, दुसऱ्याने काय लावलं ते ऐकायचं असतं. काही स्टेशनं एबीसीडीच्या क्रमाने गाणी लावतात एखादा आठवडा, ते मला फार आवडतं. अक्षरापुढे लाडकं-दोडकं नाही, दहा वर्षं न ऐकलेलं एखादं गाणं मध्येच गल्लीत शाळासोबती भेटावा तसं भेटतं.

बिंगहॅम्टनला गॅस भरायला थांबलो, दशम्या काढल्या. बाबा पावती मांडीवर पसरून बसलेले. म्हणाले, "बरं, पण गेल्या वर्षी पहिलं कुठलं आलं होतं?"

मी सांगितलं.

"आणि त्याच्या आदल्या वर्षी?"

"तेच."

"त्याच्या आधी?"

"बाबा, मी आल्यापासून तेच आहे."

बाबांनी पेनाला टोपण लावलं. मग थोडा वेळ दशमी चावत म्हणाले, "मग सरताज का नाही करत?"

हे मला माहीतच नव्हतं. गीतमालेत म्हणे एखादं गाणं ठरावीक आठवडे टिकलं की त्याला सरताज गीत म्हणून जाहीर करायचे, मान द्यायचे, आणि यादीतून बाहेर काढायचे. जा आता, तुझं झालं, दुसऱ्याला जागा दे. बाबांच्या मते तिथेही गडबडी होत्या, रेकॉर्डची विक्री किती, श्रोता संघांची मतं किती, आमच्या गाण्यावर कसा अन्याय झाला यावर वाईच्या घाटावर भांडणं व्हायची, पण दर बुधवारी काहीतरी हलायचं. "हलत नसेल तर वही कशाला घालायची?"

मी तेव्हापासून विचार करतोय की मला नेमकं खटकतं काय. दरवर्षी तेच ऐकायला माझी ना नाही. गणपतीत आम्ही दरवर्षी सुखकर्ता दुःखहर्ताने सुरू करतो आणि घालीन लोटांगणने संपवतो, मध्ये युगे अठ्ठावीसला दम लागतो, कोणी कंटाळत नाही. पण तिथे कोणी आरतीआधी ड्रमरोल वाजवून "बघू या यंदा शेवटी काय येतंय, जाऊ नका कुठे, ब्रेकनंतर भेटू" असं करत नाही ना. हे लोक आरती करतात आणि वर मटक्याचा आकडा फुटल्यासारखं तोंड करतात. सरळ आरती म्हणा की! सोमवारी रात्री आठला 'स्टेअरवे' लागेल, प्रसाद घेऊन जा. मी येईन.

नायगारा नेहमीसारखा. ओले झालो, फोटो काढले, आईंनी "एवढं पाणी वाया" म्हणून हळहळ केली.

सोमवारी परतताना पुन्हा पोकोनोच्या उतारावर, पहिली तीस गाणी चालू. द हूचं 'बाबा ओ'रायली' लागलं तेव्हा मी सांगितलं की यातले बाबा म्हणजे मेहेरबाबा, हे गाणं लिहिणारा पीट टाऊनशेंड मेहेरबाबांचा भक्त. आई एकदम जाग्या होऊन, "नगरचे? अरणगावचे?" म्हटलं हो तेच. त्यांनी रेडिओच्या दिशेने हात जोडले. पुढे क्वीनचं 'बोहेमियन रॅप्सडी', पाच मिनिटं पंचावन्न सेकंद, आणि मी ठेवणीतला पत्ता टाकला, हा गाणारा फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फरोख बलसारा, जन्म झांझिबारचा, पण शाळा पाचगणीची, सेंट पीटर्स, तिथेच त्याने पोरांचा पहिला बँड काढला.

बाबा मिनिटभर काही बोललेच नाहीत. साल विचारलं. मी म्हटलं 1955 ते साठ-बासष्टपर्यंत होता.

"म्हणजे मी वाईत गीतमाला लिहीत होतो तेव्हा हा पसरणीचा घाट चढला की वर होता?"

"हो."

"एवढ्या जवळ," ते म्हणाले, आणि मग गाणं संपेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. पोरांनासुद्धा कानातली बोंडं काढायला लावली. संपल्यावर म्हणाले, हे पहिलं यायला पाहिजे. वशिला नाही, हक्काने.

नाही आलं, अर्थातच. दुसरा नंबर झाला, गाद्या झाल्या, अपघातात इजा झाली असल्यास फोन करा झालं, आणि तो भारदस्त आवाज आणखी भारदस्त होऊन म्हणाला की आता तो क्षण आलाय. मी आरशातून म्हटलं, "बाबा, लिहा."

"लिहिलंय कधीच." त्यांनी पावती पुढे केली. बायकोने डॅशबोर्डच्या उजेडात धरली. सगळ्यात खाली, 1 च्या पुढे, शनिवारच्याच निळ्या शाईत, बिंगहॅम्टनच्या दशमीच्या तेलाच्या डागाशेजारी लिहिलेलं होतं, "स्वर्गाचा जिना", आणि कंसात "सरताज".

गिटार सुरू झाली. बाबा म्हणाले, "ठेवा तो कागद ग्लव्ह बॉक्समध्ये, जावईबापू. पुढच्या वर्षी परत लिहायला नको."