बंदीच्या दिवसांतले जुने पिक्चर

जून लागला की आमच्या हर्णै बंदराचा आवाजच बदलतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी. संध्याकाळचा लिलाव नाही, बर्फाच्या गाड्यांची ये-जा नाही, बोटी कुठे आंजर्ल्याच्या खाडीत, कुठे किनाऱ्यावर ताडपत्रीखाली. एरवी दर्यावर असणारी माणसं पडवीत बसून जाळी दुरुस्त करताना दिसतात. मागच्या वर्षी अशाच एका दुपारी शेजारच्या तांडेलाचा, म्हणजे बोटीच्या म्होरक्याचा, धाकटा मुलगा ओटीवर येऊन बसला. चौथीपर्यंत मीच त्याला शिकवलं. आता तेवीस वर्षांचा आहे, वडिलांच्या बोटीचं इंजिन तोच सांभाळतो. म्हणाला, "बाई, नवीन पिक्चर सगळे बघून झाले. दहा मिनिटांत कळतं पुढे काय होणार ते. एखादा जुना सांगा ना."

इतका आनंद मला कुणी बरेच दिवसांत दिला नव्हता. माझे वडील मुंबईला गिरणीत होते. सुट्टीत आम्ही लालबागला गेलो की ते आम्हाला 'भारतमाता'ला मराठी पिक्चर दाखवायला न्यायचे. ते वेड तेव्हापासूनचं. त्या रात्री बसून मी वहीच्या दोन पानांवर पंचवीस नावं लिहून काढली, सालवार. वर १९३२चा 'अयोध्येचा राजा', मराठीतला पहिला बोलपट, आणि तिथून खाली एकेक. पहिली झाली की दुसरी, दुसरी झाली की तिसरी, अशा हिशेबाने.

तिसऱ्या दिवशी तो आला. "वीस मिनिटं बघितला बाई. मग झोप लागली." पोरगं खरं बोलणारं आहे. मग मी यादी बाजूला ठेवून त्याला सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' सांगितला. तो त्याने पूर्ण पाहिला, पण फोनवर, बंगाली कळत नाही म्हणून खालची बारीक इंग्रजी अक्षरं वाचत वाचत. कसा वाटला विचारलं तर मान खाली घालून म्हणाला, "चांगलाय." गृहपाठ दाखवताना मुलं म्हणतात तसं. मला फार लागलं ते. जो चित्रपट मी जीव लावून चार वेळा पाहिला, तो मी त्याच्यावर अभ्यासासारखा लादला होता.

मग जे पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं ते विचारलं. तुला काय बघायला आवडतं? त्याने खूप विचार केला. म्हणाला, एक म्हणजे कुणीतरी मोठ्या माणसाच्या समोर उभं राहतं तसलं. आणि दुसरं, मशीन. कुठलंही मशीन चालताना बघायला आवडतं.

मी त्याला 'सामना' सांगितला. जब्बार पटेल यांचा, विजय तेंडुलकरांनी लिहिलेला, १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत असलेला. साखर कारखाना आणि सगळा गाव मुठीत ठेवणारा हिंदुराव म्हणजे निळू फुले. आणि कुठून तरी भटकत आलेला, दारूच्या आहारी गेलेला मास्तर म्हणजे श्रीराम लागू. गावातून नाहीशा झालेल्या एका माणसाबद्दल हा मास्तर एकच प्रश्न विचारत राहतो, बस्स. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, दात घासतच, पोरगा माझ्या दाराशी. "बाई, तो मास्तर घाबरत कसा नाही?" त्या दिवशी आम्ही तासभर बोललो. आमच्या बंदरावरही कोण कुणाला काय विचारू शकतं आणि काय नाही, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

तिथे माझ्या लक्षात आलं की यादी उलटी करायची. सत्तरच्या दशकातली माणसं आपल्यासारखी बोलतात, आपल्यासारखी चालतात. तिथून ओहोटीसारखं एकेक पाऊल मागे जायचं. प्रत्येक पावलाला बोलण्याची ढब थोडी बदलते, पण तोवर कान तयार झालेला असतो. १९३२पासून सुरुवात करायला लावणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला थेट समुद्रातल्या सुवर्णदुर्गाच्या दिशेने ढकलणं. 'सामना'नंतर त्याच दशकातला 'सिंहासन', मग 'पिंजरा', मग राजा परांजपे यांचा १९६०चा 'जगाच्या पाठीवर'. हा शेवटचा त्याला लांबला असं वाटलं, पण त्यातली गाणी आईच्या तोंडून ऐकलेली निघाली.

मधे एक वेगळीच अडचण आली. फोन सोडून आता टीव्हीवर बघ, असं मी सांगितलं होतं. संध्याकाळी त्यांच्याकडे गेले तर पडद्यावर सगळी माणसं बुटकी, गाल फुगलेले, घोडे डुकरांसारखे. तो म्हणाला, "जुन्या पिक्चरमध्ये माणसं अशीच दिसतात ना?" अरे देवा! तोवर अर्धा सिनेमा त्याने तसाच पाहिला होता. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चित्रपटांची चौकट जवळजवळ चौकोनी असायची, चारास तीन. आजचा टीव्ही लांबट, सोळास नऊ. पूर्ण पडदा भरायचा म्हणून तो चित्र आडवं ताणतो. रिमोट घेतला, सेटिंगमध्ये चित्राचा आकार शोधला आणि ४:३ केला. दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले, आणि मधे माणसं एकदम उंच, नीटस. त्याच्या आईला वाटलं टीव्ही बिघडला. दहा मिनिटं समजावावं लागलं. पण फरक सगळ्यांनाच दिसला. जुन्या चित्रपटांना आपण उगाच बोल लावतो, निम्मी चूक रिमोटची असते.

दुसरी निम्मी आवाजाची. जुन्या ध्वनिमुद्रणात खरखर असते, आवाज वरच्या पट्टीत असतो. फोनच्या बारीक स्पीकरवर ते ऐकणं शिक्षाच. लहानसा का होईना, वेगळा स्पीकर जोडायला सांगितला. आणि त्यावर कोकणातला पाऊस! त्यांच्या घरावर पत्रे आहेत. सर आली की शेजारी बसलेल्याचं बोलणं कळत नाही, 'संत तुकाराम'मध्ये तुकोबा झालेल्या पागनीसांचा अभंग कुठून कळणार? त्यासाठी मी तोडगा काढला. उघडीप असेल त्या रात्री बोलपट, आणि धो धो पाऊस असेल त्या रात्री चॅप्लिन. 'मॉडर्न टाइम्स' १९३६चा, पण त्यात बोलणं जवळजवळ नाहीच. पत्र्यावर पाऊस वाजतोय, आणि पडद्यावर चार्ली कारखान्याच्या पट्ट्यासमोर नट आवळत आवळत शेवटी यंत्राच्या दातेरी चाकांमध्ये गुंडाळला जातोय. पोरगं गुडघ्यांवर उभं राहून बघत होतं. चाकं कशी फिरतात, कुठलं कशात अडकतं, हे त्याने तीन वेळा मागे नेऊन पाहिलं. गल्लीतली पाच-सहा लहान मुलंही येऊन बसली होती. कुणालाही काही समजावून सांगावं लागलं नाही.

'श्यामची आई' सोपा जाईल असं मला वाटलं होतं. साने गुरुजींचं पालगड आमच्याच दापोली तालुक्यात. अत्र्यांच्या या चित्रपटाला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं, हे सांगताना माझा ऊर भरून येतो. तर हा म्हणाला, "नको बाई, तो शाळेत झालाय." कधीतरी हॉलमध्ये दोनशे मुलांना एकत्र बसवून, फाटक्या आवाजात दाखवला होता म्हणे. मी आग्रह धरला नाही. एकदा नको झालेल्या गोष्टीची गोडी सांगून लागत नाही.

त्याऐवजी 'शेजारी' लावला, १९४१चा, व्ही. शांताराम यांचा. जिवबा आणि मिर्झा हे दोन म्हातारे शेजारी, जन्माचे मित्र. धरणाचं काम घेऊन आलेला माणूस त्यांच्यात फूट पाडतो. केशवराव दाते जिवबा, गजानन जागीरदार मिर्झा. आमच्या बंदरावर कोळी आणि कोकणी मुसलमान एकाच लिलावात खांद्याला खांदा लावून उभे असतात, त्यामुळे ही गोष्ट आम्हाला परकी नाही. त्या दिवशी तांडेल स्वतः बघायला बसले, आणि बरोबर त्यांचे जुने इंजिन मेकॅनिक चाचा. धरण फुटतं तिथे दोघंही एकदम पुढे सरकले. पोराचा प्रश्न तयारच होता, कॉम्प्युटर नसताना हे केलं कसं? आणि तांडेल आणि चाचा मात्र बराच वेळ काही बोललेच नाहीत. चहा झाल्यावर चाचा उठले तेव्हा तांडेल त्यांना गल्लीच्या टोकापर्यंत छत्री घेऊन सोडायला गेले.

'कुंकू' मी पोरासाठी लावलाच नव्हता, त्याच्या आईसाठी लावला. १९३७चा आहे. नीरेचं फसवून एका म्हाताऱ्या वकिलाशी लग्न लावतात आणि ती पहिल्या रात्रीपासून सांगते, हे लग्न मी मानत नाही. रडत नाही, पळून जात नाही, त्याच घरात ताठ उभी राहते. शांता आपट्यांच्या नजरेत जे आहे ते मी नंतर फार थोड्या नट्यांमध्ये पाहिलं. नीट ऐकलंत तर कळेल, प्रसंगांना पार्श्वसंगीत नाही. घड्याळाचे टोले, भांडी, रस्त्यावरचे आवाज, एवढंच. त्याची आई कोकमं सोलायचं काम अर्धं टाकून आली होती, हात लालच होते. संपल्यावर म्हणाली, "माझ्या आत्याला असंच दिलं होतं हो बाई. तिला कुणी विचारलंसुद्धा नाही." पोराने टीव्ही बंद केला आणि आईजवळ जाऊन बसला. ही आत्या घरात कधी कुणी सांगितलीच नव्हती त्याला.

आषाढी एकादशीला 'संत तुकाराम'. तो दिवस मी मुद्दाम राखून ठेवला होता. दामले-फत्तेलाल यांचा १९३६चा, म्हणजे चार्लीच्या त्या कारखान्याच्याच वर्षातला, हे पोराने माझ्याआधी ओळखलं. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्याची आजी ऐंशीच्या पुढची, खुर्ची पडद्यापासून हातभरावर. जिजाई देवाला जोडा दाखवायला देवळात जाते तिथे आजी खळखळून हसली आणि म्हणाली, "बरोब्बर केलंन!" विष्णुपंत पागनीसांनी 'आधी बीज एकले' सुरू केलं, तसा आजीनेही सूर धरला. ही ओळ ती काकड आरतीला आयुष्यभर म्हणत आलीय.

मी पोराच्या कानात सांगितलं की हा अभंग तुकोबांचा नाही. शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी लिहिला, आणि तो इतका जमला की लोकांनी तुकोबांच्या नावावरच घातला. त्याचे डोळे मोठे झाले. आजीकडे बघितलं. ती डोळे मिटून टाळ्या वाजवत होती. तो हळूच म्हणाला, "आजीला सांगू नका हां, बाई." मी नाही सांगितलं. शेवटी विमान आलं तेव्हा आजीने पदर डोक्यावर घेऊन नमस्कार केला, आणि तिच्या मागे बसलेल्या लहान मुलांनीसुद्धा केला.

ऑगस्ट उजाडला. बोटींना रंग झाला, बर्फाच्या गाड्या सुरू झाल्या. निघायच्या आदल्या रात्री त्याने फोनमध्ये चार पिक्चर भरून घेतले. समुद्रात आत गेलं की रेंज नसते. कुठले घेतलेस ते मी विचारलं नाही.

सहाव्या दिवशी संध्याकाळी तो पिशवीत चार बांगडे घेऊन आला. अंगाला डिझेलचा वास, डोळे लाल. त्यांच्या बोटीवर दोन खलाशी नेपाळचे आहेत, मराठी त्यांना कामापुरतीच येते. जाळं टाकून वाट बघत बसायच्या वेळी याने त्यांना केबिनमध्ये बोलावून 'मॉडर्न टाइम्स' दाखवला. इंजिनाचा एवढा आवाज, म्हणून हाच निवडला, म्हणाला. दोघांनी परत लावायला सांगितलं. आणि आता त्यांना अजून एक हवाय.

"बोलणं नसलेला दुसरा कुठला आहे, बाई? पण त्यांना पहिल्यांदा काय आवडलं ते मी विचारून ठेवलंय. त्यांना ती भुकेली पोरगी आवडली, मशीन नाही."

मग त्याला चार्लीचाच 'सिटी लाइट्स' सांगितला.