दुपारी चार ते सव्वापाच

२० एप्रिल

सुट्टीत घरी मुलांचा वाचनकट्टा भरवायचा तर वेळ आधी ठरवावी, पुस्तकं मग. मे महिन्यात मुलं उशिरा उठतात, उठली की पोहणं, स्केटिंग, नाहीतर कसलं तरी शिबिर. साडेपाचला खाली क्रिकेट सुरू होतं आणि त्याच्याशी कुठल्याही पुस्तकाने टक्कर घेऊ नये. उरतात दुपारचे चार ते सव्वापाच. ऊन म्हणून बाहेर जायची बंदी, आणि घरातली मोठी माणसं 'मोबाइल ठेव' म्हणून म्हणून दमलेली. पुण्यात ही वेळ जमते. नागपूर-अकोल्याकडे चार वाजताही रस्त्यावर पाय ठेववत नाही. तिथे मुलं त्याच इमारतीतली असतील तरच ही वेळ, नाहीतर सकाळी साडेआठ.

मंगळवार आणि शुक्रवार, ५ मे ते २२ मे, सहा बैठका. याहून जास्त आखू नयेत. मे महिन्यात कोण कधी आजोळी जाईल, कुणाकडे लग्न निघेल, सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक बैठक स्वतःपुरती पुरी हवी. दीडशे पानांची कादंबरी सहा भागांत वाचायचा बेत तिसऱ्या दिवशी कोसळतो: निम्म्या मुलांचा एखादा भाग हुकलेला असतो, त्यांना 'मागे काय झालं' सांगण्यात वीस मिनिटं जातात आणि ज्यांनी ऐकलेलं असतं ती कंटाळून उशा फेकायला लागतात.

आणि 'घरी वाचून या' हे वाक्य आत्ताच खोडून टाकायचं. आठांतली तीन वाचून येतात, दोन अर्धं वाचून येतात, उरलेली तीन तोंड चुकवतात आणि पुढच्या वेळी येतच नाहीत. जे वाचायचं ते इथेच, सतरंजीवर.

२३ एप्रिल

जागतिक पुस्तक दिन, त्यामुळे वाचनाची महती सांगणारे निरोप सकाळपासून येताहेत. तेवढ्या वेळात एक गोष्ट वाचून झाली असती.

मुलं आठ. हा आकडा चित्राच्या पुस्तकावरून येतो. साधारण पाच फुटांपलीकडून पुस्तकातलं चित्र नीट दिसत नाही, आणि वाचणाऱ्यासमोर तेवढ्या अंतरावर अर्धगोल केला तर त्यात आठ मुलं मांडी घालून बसतात. दहा झाली की दुसरी रांग होते, आणि दुसऱ्या रांगेत जे होतं ते आपण सगळ्यांनी शाळेत केलेलं आहे.

वय सात ते दहा. सहा आणि बारा एकत्र आणू नयेत. बाराच्या मुलाला ते 'बाळांचं' वाटतं आणि तो तसं मोठ्याने म्हणतो. कुणाचं चार वर्षांचं भावंड मागे लागून येणारच. त्याला वाचणाऱ्याच्या मांडीशी बसवायचं आणि पान उलटायचं काम द्यायचं.

आईबाबांना विचारायच्या गोष्टी तीनच: शेंगदाणा किंवा दूध चालत नाही असं काही आहे का, न्यायला कोण येणार, आणि फोन नंबर. मुलांचे फोटो गटावर टाकणार नाही, हेही आधीच सांगून ठेवावं.

२७ एप्रिल

पुस्तकं. एकाच पुस्तकाच्या आठ प्रती विकत घ्यायची गरज नाही, आणि अख्ख्या पुस्तकाची झेरॉक्स काढणं लेखकावर अन्याय आहेच, शिवाय ती फिकट निघते आणि चित्रांचा काळा लगदा होतो. मोठ्याने वाचायला एक प्रत पुरते. जोडीने वाचायला चार लागतात, त्या चार वेगवेगळ्या असल्या तरी चालतं.

फुकट मिळणारं चांगलं साहित्य मराठीत आहे, फक्त माहीत हवं. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी चार पायऱ्यांत लावलेल्या आहेत; परवाना खुला असल्यामुळे उतरवून छापायलाही हरकत नाही. पहिली पायरी वय सातलाही बालिश वाटते. दुसरी आणि तिसरी घ्यावी. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आहे आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत आहेत. एकेका अंकात सात-आठ पानांची सुटी गोष्ट मिळते, ती एका बैठकीला बरोब्बर बसते. नॅशनल बुक ट्रस्टच्या (एनबीटी) नेहरू बाल पुस्तकालय या मालेतली पुस्तकं स्वस्त असतात आणि आडव्याउभ्या वापरात टिकतात. बाकी प्रत्येक घरातून दोन पुस्तकं तीन आठवड्यांच्या बोलीवर उसनी मागायची. सोळा पुस्तकं जमतात, त्यातली चार सामान्यज्ञानाची निघतात आणि दोन संस्कारकथा. ती परत करू नयेत, ढिगाच्या तळाशी ठेवावीत. गंमत म्हणजे सामान्यज्ञानाचं पुस्तक कुणीतरी शोधून काढतंच.

निवडताना मोठ्याने वाचून पाहावं. डोळ्यांना गोड वाटणारी पुष्कळशी बालकथा जिभेवर आली की लांबलचक वाक्यांत अडकते.

२ मे

खोली. सहा बाय नऊची सतरंजी, सोफा भिंतीला. वाचणाऱ्याने खिडकीकडे पाठ करू नये: मुलांना फक्त काळी आकृती दिसते आणि गुळगुळीत पानावर उजेड चमकतो. पाठ भिंतीला, खिडकी डाव्या हाताला. पंखा दोनवर, चारवर ठेवला की पानं स्वतःच उलटतात. टेबलावरच्या कागदांचा काळा चिमटा डावीकडच्या पानांना लावला की प्रश्न मिटतो. पाण्याचा माठ दाराबाहेर, कारण माठ खोलीत असला तर दर पाच मिनिटांनी तहान लागते.

पंचाहत्तर मिनिटं अशी: आल्यावर दहा मिनिटं पुस्तकं नुसती चाळायला, वीस मिनिटं मोठ्याने वाचन, पंधरा मिनिटं बोलणं, वीस मिनिटं जोडीचं किंवा एकट्याचं वाचन, शेवटची दहा पुस्तकं नेण्या-आणण्याची आणि पन्ह्याची. पहिली दहा मिनिटं कापण्याचा मोह होतो. कापू नयेत. उशिरा येणारे त्यात सामावतात, आणि उन्हातून आलेलं पोर लगेच ऐकू शकत नाही.

५ मे

मोठ्याने वाचण्याचा हिशोब. नेटकं, चित्रं दाखवत वाचलं तर मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. मुलांच्या मध्येच येण्याला पाचवा हिस्सा धरावा. म्हणजे वीस मिनिटांत सोळाशे शब्दांची गोष्ट. 'छोटीशीच आहे' म्हणून अडीच हजारांची घेतली की शेवट घाईत उरकावा लागतो, आणि शेवटासाठीच तर सगळी बसलेली असतात.

आदल्या दिवशी दोनदा मोठ्याने वाचायचं. पहिल्यांदा जीभ अडखळते त्या जागी पेन्सिलीची टिंबं करायची, दुसऱ्यांदा थांबण्याच्या दोन जागा ठरवायच्या. पुस्तक छातीशी न धरता उजव्या खांद्याच्या बाजूला, किंचित पुढे झुकवून. पान खालच्या कोपऱ्यातून उलटायचं, नाहीतर हात चित्रावर येतो. चित्र आधी दाखवायचं की मजकूर आधी वाचायचा? मजकूर आधी. चित्र आधी दिसलं की मुलं तेच बघत राहतात आणि ऐकत नाहीत.

आवाज काढावेत, पण बेताने. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचा 'ट्टॉक्' आला की तो मुलांकडे सोपवावा. दुसऱ्या वेळेपासून ती त्याची वाट पाहतात, आणि वाट पाहणारं मूल ऐकत असतं. प्रत्येक पात्राला वेगळा आवाज द्यायला गेलं की चौथ्या पानावर आपणच विसरतो कोण कसा बोलत होता.

जुन्या गोष्टींत मोट, उखळ, जातं, शिंकाळं येतं. वाचता वाचता अर्थ सांगत बसू नये. गोष्टीचा तोल जातो. सुरुवातीलाच जास्तीत जास्त तीन शब्द घ्यायचे, जमलं तर वस्तू दाखवायची. खलबत्ता हातात दिला की मोटेच्या चित्रालाही मान मिळतो. बाकीचे शब्द अडले तर अडू द्यावेत, गोष्ट त्यांना ओढून नेते.

८ मे

बोलणं हे सगळ्यात अवघड. 'या गोष्टीचं तात्पर्य काय?' विचारलं की आठही मुलं एका क्षणात शाळेत पोचतात: पाठ ताठ, उत्तर तयार, 'नेहमी खरे बोलावे.' 'तुला काय आवडलं?' याचं उत्तर 'सगळं.' पुढे काही नाही.

चालणारे प्रश्न गोष्टीच्या आत असतात. 'ते दार तू उघडलं असतंस का?' 'आजी खोटं बोलली हे कुठल्या पानावर कळलं?' 'हे चित्र नसतं तर कुत्रा केवढा वाटला असता?' पहिल्याला हो-नाही म्हणून भांडता येतं, दुसऱ्याला पुस्तक पुन्हा उघडावं लागतं, तिसऱ्याला उत्तरच नाही, म्हणून सगळे बोलतात. एका गोष्टीला असे तीन पुरतात.

प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजावं. चारला अस्वस्थ वाटतं, सहाला आपणच उत्तर द्यावंसं वाटतं. साधारण आठला कोपऱ्यातलं कुणीतरी तोंड उघडतं. त्या शांततेत बोलणारा मोठा माणूस कट्टा बुडवतो, आणि तो बहुधा यजमानच असतो.

नदीतला एक गुळगुळीत गोटा ठेवावा: ज्याच्या हातात तो, त्याचं बोलणं. सुरुवात सगळ्यात लहानापासून. दहा वर्षांचं हुशार मूल आधी बोललं की बाकीची त्याचंच वाक्य थोडं फिरवून सांगतात. नुसता गोटा पुढे देण्याचीही मुभा हवी. आणि गोष्ट आवडली नाही असं कुणी म्हणालं तर 'असं म्हणू नये' म्हणायचं नाही. कुठल्या पानापासून आवडेनाशी झाली ते विचारायचं.

१२ मे

मराठी अस्खलित बोलणारं पण अडखळत वाचणारं मूल आता दर घरात आहे. इंग्रजी माध्यमातल्या मुलांची गाडी थांबते ती जोडाक्षरांशी, त्यातही र-शी: कार्य, सुऱ्या, क्रम, ट्रक. एकच अक्षर चार रूपांत. मराठी आकडेही अडतात, ४ आणि ५ वर घोटाळा होतो. अशा मुलाला सगळ्यांसमोर आळीपाळीने वाचायला लावणं हा दुष्टपणा आहे. रांगेत आपला परिच्छेद कुठला येणार हे ते मोजत बसतं आणि तोवरची गोष्ट ऐकतच नाही.

जोडीचं वाचन असं: एक पुस्तक, दोन मुलं, दोघं एकदम मोठ्याने. हळू वाचणाऱ्याला एकट्याने वाचावंसं वाटलं की त्याने जोडीदाराच्या गुडघ्यावर टिचकी मारायची, दुसरा गप्प. शब्द अडला तर जोडीदाराने मनात चार मोजायचे, मग तो शब्द नुसता म्हणायचा. अक्षरं फोडून सांगायची नाहीत, हसायचं नाही, पुन्हा दोघं मिळून पुढे. पुस्तक हळू वाचणाऱ्याच्या आवडीचं. छापील पानं काढत असाल तर अक्षर अठरा-वीस टाइपाचं ठेवा; बारीक अक्षरात रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात. चार जोड्या एका खोलीत गलका करतात, म्हणून एक जोडी गॅलरीत, एक स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर.

१५ मे

खाऊ नेहमी पुस्तकं गोळा झाल्यावर. चिवडा नको: तेलाचा डाग पानातून पलीकडे जातो. पन्हं बरं. पावकिलोच्या दोन कैऱ्या कुकरला तीन शिट्ट्या, गर गरम असतानाच त्याच्या दीडपट गूळ, चिमूटभर मीठ, वेलची. छोट्या पेल्याला तीन चमचे गर, बाकी माठाचं पाणी. आठ मुलांना दोनदा पुरून उरतं.

मेच्या मध्यावर साडेचारला आभाळ येतं, वळीव कोसळतो आणि वीज जाते. अंधारात वाचायचा हट्ट करू नये. तोंडी सांगायची एक गोष्ट कायम तयार ठेवावी, भुताची पण फार नाही.

१९ मे

पुस्तकं घरी न्यायची वही: पुस्तकाचा क्रमांक, नेणाऱ्याचं नाव, तारीख, परत. नोंद मुलांनीच करायची. एका वेळी एकच. परत आणलं की दुसरं. २२ तारखेला काही द्यायचं नाही, नाहीतर ते मामाच्या गावाला जातं आणि दिवाळीत परत येतं. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नये, तो पिवळा पडतो आणि डिंक शेजारचं पान धरतो. पातळ कागदाची पट्टी आणि मैद्याची ताजी खळ, वर वजन, रात्रभर. फाडणाऱ्यानेच चिकटवायचं, आणि त्याला ते आवडतंच.

६ जून

मृग लागायच्या आत पुस्तकं आवरायला हवीत. उसनी आणलेली सोळा घरोघर परत. उरलेली दिवसभर सावलीत उघडी ठेवून वारा द्यायचा; उन्हात ठेवली तर पुठ्ठे वाकतात. मग पत्र्याच्या पेटीत, उभी, फार ठासून नाही, कसर लागू नये म्हणून कडुलिंबाचा पूर्ण वाळलेला पाला कापडात बांधून. ओला राहिला तर बुरशी येते. क्रमांक ९ आणि १४ वहीत अजून परत आलेले दिसत नाहीत. वही पेटीत ठेवायची नाही.