पुलास्कीच्या सुट्टीचे गाणे

आमच्या घरात जन्म तारखेने सांगितले जातात आणि मृत्यू तिथीने. आजी गेली ती चंपाषष्ठीला. भरीत झाले होते, रोडगे व्हायचे होते आणि नैवेद्याचे ताट तसेच ओट्यावर राहिले, एवढे सगळ्यांना पाठ आहे. इंग्रजी तारीख कोणी विचारली, तर मात्र दाखल्यांची पिशवी काढावी लागते. ही खास आपल्याकडची सवय आहे, अशी माझी बरीच वर्षे समजूत होती. ती मोडली एका अमेरिकन गायकाच्या अल्बममुळे.

सूफ्यान स्टीव्हन्स हा मूळचा मिशिगनचा, स्वतः गाणी लिहून स्वतः गाणारा कलावंत. त्याचा ‘इलिनॉय’ हा अल्बम जुलै 2005 मध्ये आला. त्यात 22 तुकडे आहेत आणि सगळे मिळून सुमारे 74 मिनिटांचा ऐवज आहे. या शैलीला बरोक पॉप म्हणतात. साध्या, गुणगुणता येणाऱ्या गाण्याला ओबो, बासरी, ट्रम्पेट, व्हायोलिन, घंट्यांसारखी किणकिणणारी वाद्ये आणि समूहस्वर यांचा भरजरी शालू नेसवायचा, असे काहीसे हे प्रकरण आहे. एरवी असा शालू मोठ्या कंपनीच्या खर्चाने येतो. या गृहस्थाने मात्र न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रण स्वतः केले आणि पियानो, बँजो, ओबो, अ‍ॅकॉर्डियन अशी बहुतेक वाद्येही स्वतःच वाजवली. व्हायोलिने, ट्रम्पेट आणि समूहस्वर यांसाठी तेवढी मित्रमंडळी गोळा केली. घरच्या लग्नात मांडवापासून पंगतीपर्यंत सगळे एकट्याने पाहणारा एखादा काका असतो, त्याची मला हे ऐकताना हटकून आठवण होते.

अमेरिकेच्या पन्नास राज्यांवर पन्नास अल्बम करीन, असे त्याने जाहीर केले होते. मिशिगन 2003 मध्ये झाले, मग इलिनॉय झाले आणि गाडी तिथेच थांबली. ती घोषणा म्हणजे प्रसिद्धीसाठी केलेली गंमत होती, अशी कबुली त्याने पुढे दिली. मला या कबुलीचा राग येत नाही, कारण इलिनॉयपुरते तरी त्याने घोषणेचे पुरेपूर सोने केले आहे.

हा अल्बम मी पहिल्यांदा कणीक मळताना लावला आणि हात अडखळला. अल्बमच्या शीर्षकगीताचा पहिला भाग पाच मात्रांच्या आवर्तनात आहे. झपतालाच्या दहा मात्रांना सरावलेल्या कानाला पाचाचे वावडे नसावे. पण अमेरिकन पॉप गाणे म्हटले की आपण चार मात्रा गृहीत धरतो आणि पाचवी मात्रा जिन्याच्या न दिसलेल्या पायरीसारखी पायाखाली येते. हा भाग 1893 च्या शिकागोतील जागतिक प्रदर्शनाविषयी आहे. आपल्याला ते वर्ष विवेकानंदांमुळे माहीत असते, कारण त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेत ते बोलले. स्टीव्हन्सला त्या प्रदर्शनात दिसतो तो आकाशपाळणा. आज आपल्या प्रत्येक जत्रेत करकरत फिरणाऱ्या पाळण्याचा तो 264 फुटी पूर्वज तिथेच पहिल्यांदा फिरला. पाळण्याच्या शेजारच्याच ओळीत त्याला आठवते ते क्रीम ऑफ व्हीट, म्हणजे दुधात शिजवून खायचा गव्हाचा रवा. हे नाव ऐकून मी मळणे थांबवले. पाच वर्षे इलिनॉयमधल्याच पिओरियात राहिलेली माझी मावसबहीण शिरा याच खोक्यातल्या रव्याचा करीत असे, कारण आपला रवा आणायचा तर शिकागोपर्यंत जावे लागे.

गाण्याच्या दुसऱ्या भागात ताल चार मात्रांवर येतो आणि इलिनॉयचाच कवी कार्ल सँडबर्ग गायकाच्या स्वप्नात येऊन, तू मनापासून लिहितोस का, असे त्याला विचारतो. तुकोबांच्या स्वप्नात नामदेव पांडुरंगाला सोबत घेऊन आले आणि त्यांनी उरलेल्या अभंगांचे काम तुकोबांवर सोपवले, हे ज्याने लहानपणी ऐकले आहे, त्याला या प्रसंगात परके असे काही वाटणार नाही. फरक इतकाच की नामदेवांनी काम सांगितले आणि सँडबर्गने शंका घेतली.

या अल्बममधल्या शीर्षकांचीही एक मौज आहे. 1832 च्या ब्लॅक हॉक युद्धावरचा एक तुकडा दोन-सव्वादोन मिनिटांचा आहे, त्याला कवितेचे शब्द नाहीत, पण शीर्षक इतके लांब आहे की वाचून होईपर्यंत संगीताचा बराच भाग पुढे गेलेला असतो. त्यात ‘अथवा’, पुन्हा ‘अथवा’, पुन्हा एकदा ‘अथवा’ असे करीत चार शीर्षके एकापुढे एक जोडलेली आहेत. बाबा पदमनजींनी 1857 मध्ये ‘यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण’ असे पुस्तकाचे नाव ठेवले होते. त्या परंपरेला इतका दूरचा वारस मिळेल, असे कोणाला वाटले असते! खुद्द अल्बमच्या नावातही कोटी आहे. इलिनॉयच्या इंग्रजी स्पेलिंगमधला शेवटचा एस मुका असतो. मुखपृष्ठावर त्याच्यापुढे एक ई लावून त्याने त्या राज्याच्या नावात ‘नॉईज’, म्हणजे गोंगाट, भरला आहे.

आणि हा गोंगाट खराच आहे. टाळ्या, तुताऱ्या, घोषणा द्याव्यात तशी गावांची नावे ओरडणारे समूहस्वर, सगळे आहे. काही ठिकाणी मला तो जास्तही वाटतो. शालूवर शेला, शेल्यावर पुन्हा शाल असे होते. पण या सगळ्या वाजंत्रीच्या मधोमध, दहाव्या क्रमांकावर, एक गाणे गिटार आणि बँजो यांच्यावर जवळजवळ उघडेच उभे आहे. त्याचे नाव ‘कॅसिमिर पुलास्की डे’. पुलास्की हा अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढून 1779 मध्ये प्राणास मुकलेला पोलिश सरदार. शिकागोत पोलिश वस्ती मोठी, म्हणून इलिनॉयने 1977 मध्ये कायदा करून मार्चचा पहिला सोमवार त्याच्या नावे केला.

गाण्यात मात्र हा सरदार कुठेच नाही. त्यात आहे हाडांच्या कर्करोगाने आजारी असलेली एक मुलगी आणि तिच्यावर प्रेम करणारा एक मुलगा. मंगळवारी रात्री मंडळी बायबल वाचायला जमतात, तिच्यासाठी प्रार्थना करतात आणि काहीही होत नाही. गाणारा आवाज चढवत नाही, देवाशी भांडतही नाही. हिवाळ्यातल्या सकाळी, सुट्टीच्या दिवशी, 1 मार्चला ती जाते. नर्स मान खाली घालून धावत येते आणि एक कार्डिनल पक्षी खिडकीवर येऊन आपटतो. कार्डिनल हा लाल पक्षी इलिनॉयचा राज्यपक्षी आहे. पण स्टीव्हन्सने त्याचे काही सांगत न बसता तो पक्षी नुसता काचेवर आपटू दिला आहे. दहाव्याच्या पिंडाकडे येणाऱ्या कावळ्याची वाट पाहणारी माणसे आम्ही. त्या एका ओळीला माझा हात कणकेतून बाहेर येतो आणि तसाच पिठाचा धरून मी उभी राहते. शेवटी शब्द संपतात आणि ट्रम्पेट वाजतो, तोही दबकून, शेजारी कोणी निजले असावे तसा.

मी एकदा कॅलेंडर मांडून बसले. मार्चचा पहिला सोमवार हा 1 मार्चलाच यावा, असे हा कायदा झाल्यापासून अल्बम येईपर्यंत चारच वेळा घडले: 1982, 1993, 1999 आणि 2004. यातले गाण्याचे वर्ष कोणते, किंवा असे वर्ष आहे तरी का, हे शोधून मला काही मिळवायचे नव्हते. पण तिथी कळली की माणूस पंचांग उघडतोच.

परवा मावसबहिणीचा फोन आला तेव्हा मी तिला हे गाणे सांगितले. तिच्या पिओरियाचेही नाव याच अल्बममध्ये समूहस्वरात घेतले आहे, हे ऐकून ती खूश झाली. पुलास्की कोण, हे मात्र तिला ठाऊक नव्हते. “तो दिवस माझ्या लक्षात आहे गं,” ती म्हणाली. “मुलांना सुट्टी असायची, ह्यांना नसायची. बाहेर बर्फ असायचा. दुपारी काय करायचे म्हणून मी शिरा करायचे.”

मी तिला विचारले, रवा कुठला.

“तोच गं, खोक्यातला. जरा गिचका व्हायचा.”