तुम्ही विचारलंत म्हणून: सारेला कुणी विचारलं?

"तोरा, यहुद्यांचा धर्मग्रंथ, म्हणजे देवाची वाणी. तिच्यावर तुम्ही कविता कशाला करता? भर घालायची आहे का तिच्यात?" ठाण्याच्या आमच्या सिनेगॉगमधल्या, म्हणजे यहुदी प्रार्थनामंदिरातल्या, वडीलधाऱ्यांपासून कॉलेजातल्या मैत्रिणींपर्यंत कितीजणांनी मला हे विचारलंय.

मला भर घालायची हिंमत नाही. मला विचारायचंय, आणि नीट विचारणं मला कवितेतच जमतं.

तोरेतल्या पहिल्या पुस्तकाचा, उत्पत्तीचा, 22वा अध्याय घ्या. तुझा मुलगा इसहाक याचा बळी अर्पण कर, असं देव अब्राहामाला सांगतो. अब्राहाम भल्या पहाटे उठतो, गाढवावर खोगीर घालतो, लाकडं फोडतो, मुलाला घेऊन निघतो. तिसऱ्या दिवशी डोंगर दिसतो. सुरी, विस्तव, झुडपात शिंगं अडकलेला आणि शेवटी मुलाऐवजी अर्पण होणारा एडका, सगळं येतं. अब्राहामाची बायको सारा मात्र कुठेच येत नाही. नव्वदाव्या वर्षी जिला हा मुलगा झाला, तिला कुणी काही सांगितलं का? लाकडं फुटताना तिला जाग आली नसेल?

पुढच्याच शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या पवित्र दिवशी, आपण 23वा अध्याय वाचतो. सारा 127 वर्षं जगली आणि हेब्रोनात वारली. अब्राहाम डोंगरावरून बैरशेब्याला परतला होता. आता तो तिच्यासाठी शोक करायला 'आला', असं लिहिलंय. कुठून आला? नवरा-बायको दोन गावी का? तोरा गप्प आहे. डोंगरावरची बातमी कानावर पडली आणि सारेचा जीव गेला, असं मिद्राश, म्हणजे जुन्या धर्मगुरूंनी तोरेवर सांगितलेल्या कथा-टीका, सांगतो.

याच ओळीत 'तिच्यासाठी रडायला' या अर्थाचा हिब्रू शब्द आहे, आणि त्याच्या मधलं काफ हे अक्षर मुद्दाम बारीक काढलेलं असतं. आजही हातानं तोरा लिहिणारा लेखनिक ते तसंच बारीक काढतो. मला ते पहिल्यांदा वडिलांनी बोट ठेवून दाखवलं. हुंदका गिळल्यासारखं अक्षर!

त्या अक्षरापाशी बसून मी लिहिलं:

पहाटेच्या पारी। लाकडं फोडली।
हाक ना मारली। मला कुणी।।

आधीच्या खर्ड्यात माझी सारा देवाला शिव्याशाप देत होती. वाचताना माझंच मन खाऊ लागलं. तो राग माझा होता, अध्यायात त्याला जागा नव्हती. सगळं खोडलं, हिब्रू पुन्हा वाचलं, तेव्हा ही हाक सापडली. माझा नेम एवढाच: जे लिहिलंय ते बदलायचं नाही, जिथे लिहिलेलं नाही तिथे थांबून ऐकायचं.

आणि हे मी काही नवीन काढलेलं नाही. नव्याच्या सणाला (यहुदी नववर्षाला) शोफार, म्हणजे एडक्याचं शिंग, फुंकण्याआधी सेफार्दी (मूळच्या स्पेनकडच्या यहुद्यांच्या) परंपरेत जे पियूत, म्हणजे प्रार्थनेतलं काव्य, गातात, ते बाराव्या शतकातल्या यहूदा इब्न अब्बासचं आहे. त्यात वेदीवर बांधलेला इसहाक आईची आठवण काढतो, तिचा आनंद गेला असं तिला सांगा म्हणतो. तोरेत हे वाक्य नाही, तरी पिढ्यान्‌पिढ्या ते भर प्रार्थनेत म्हटलं जातं, आणि म्हणणाऱ्यांचे डोळे भरून येतात. आपल्याकडे 1880च्या सुमारास मुंबईतल्या बेने इस्राएलांनी, म्हणजे आम्हा मराठी बोलणाऱ्या यहुद्यांनी, तर बायबलातल्या कथांची मराठी कीर्तनं उभी केली. इथल्या हरिदासांसारखीच, पदं गात गात. ती माणसं देवाच्या वाणीला कमी लेखत होती, असं कोण म्हणेल? मायबोलीत गायल्याशिवाय ती वाणी त्यांच्या घरात शिरली नसती, असं मला मनापासून वाटतं.

सध्या मी 22व्या अध्यायाच्या 19व्या वचनावर अडलेय. अब्राहाम आपल्या चाकरांकडे परतला आणि ते मिळून बैरशेब्याला गेले, एवढंच तिथे आहे. वर जाताना 'ते दोघे बरोबर चालले' असं दोनदा सांगितलंय. उतरताना इसहाकाचं नावच नाही. तो कुठल्या वाटेनं उतरला, आणि घरी आई वाट बघत असेल हे त्याच्या मनात आलं का? दोन ओळी झाल्यात. तिसरी अजून येत नाही.