गोठवलेले पैसे परत मिळवताना

सायबर फसवणुकीत गेलेली रक्कम गोठवली जाणे आणि ती हातात परत येणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यासाठी दारेही निराळी ठोठवावी लागतात, हे मला मामांच्या प्रकरणात कळले. मामा खानापूर तालुक्यातील नंदगडचे निवृत्त शिक्षक. मी बेळगावात टिळकवाडीत राहत असल्यामुळे अर्ज, बँक आणि पोलीस ठाणे ही सगळी धावपळ माझ्याकडे आली.

प्रकार ठरलेल्या पद्धतीचाच होता. संगणकावर बातम्या वाचताना पडदाभर लाल इशारा आला, मोठ्याने भोंगा वाजू लागला आणि ‘तांत्रिक साहाय्या’चा एक क्रमांक झळकू लागला. पलीकडचा माणूस शुद्ध हिंदीत, अत्यंत नम्रपणे बोलत होता. त्याने मामांना दुरून संगणक चालवता येणारे अ‍ॅप उतरवून घ्यायला सांगितले आणि मग संगणकातील घडामोडींच्या नोंदी दाखवणारा ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून त्यातील लाल-पिवळ्या खुणांची रांग दाखवली. या खुणा निरोगी संगणकातही असतात; पण ज्याने ती खिडकी आयुष्यात प्रथमच पाहिली, त्याला तो विषाणूंचा पुरावाच वाटणार. पुढे किरकोळ ‘सेवाशुल्क’ भरण्याच्या निमित्ताने नेट बँकिंग उघडायला लावले, डेबिट कार्डाचा तपशील घेतला आणि पडदा काळा करून दोन मोठ्या रकमा आयएमपीएसने, म्हणजे बँकेतून तत्काळ पैसे पाठवण्याच्या सोयीने, वळवल्या. नंतर मामा एवढेच म्हणाले, “नंबर समोरच होता की रे, मी कुठं शोधाय गेलतो?” त्यांचे म्हणणे रास्त होते. खऱ्या संगणक कंपन्यांच्या इशाऱ्यात फोन क्रमांक नसतो, ही साधी माहिती संगणक विकताना कोणीही देत नाही.

मामींचा फोन आला तेव्हा तो माणूस अजून जोडलेलाच होता. प्रथम राउटरचे बटण बंद करायला सांगितले, मग १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन लावला. पलीकडे कन्नडमधून सुरुवात झाली, माझ्या अडखळण्यामुळे संभाषण हिंदीवर आले आणि काम झाले. त्यांना कहाणी नको असते. खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा स्वतंत्र ओळख क्रमांक, हवा असतो. तो बँकेच्या संदेशात किंवा खातेउताऱ्यात सापडतो. हे आकडे मिळाले की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला सूचना जाते आणि तिथे जे शिल्लक असेल ते गोठवले जाते. चोर ही रक्कम भाड्याने घेतलेल्या खात्यांतून पुढे पुढे सरकवत असल्यामुळे पहिल्या तासातील फोनला जी किंमत आहे, ती दुसऱ्या दिवशीच्या दहा अर्जांना नाही. पोचक्रमांक आल्यावर राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर सविस्तर तक्रारही नोंदवली. ‘चक्षू’ ही सरकारी सोय संशयास्पद कॉल आणि संदेश कळवण्यासाठी आहे. पैसे गेले असतील तर तिथे वेळ घालवू नये.

त्याच वेळी दुसऱ्या फोनवरून बँकेला कार्ड आणि नेट बँकिंग बंद करायला सांगून तक्रार क्रमांक घेतला. हा क्रमांक आणि त्याची वेळ पुढे फार उपयोगी पडली, कारण त्यानंतर काही वेळाने कार्डावरून परदेशी संकेतस्थळावर तिसरी रक्कम वळती झाली. परदेशी व्यापाऱ्याकडे पुष्कळदा ओटीपी लागत नाही, त्यामुळे कार्डावरील आकडे हाती असले की पुरते.

पोलिसांकडे फिर्याद देताना कलमे फारशी नवी नव्हती: माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ड, म्हणजे संगणकाच्या साह्याने दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवणूक, आणि भारतीय न्याय संहितेचे ३१८. अशा गुन्ह्याचा तपास निरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. एफआयआर कन्नडमध्ये लिहिला जातो. मामांना कन्नड बोलता येते, वाचता येत नाही, आणि आपल्या भागात हे अनेकांचे आहे. लिहून घेतलेली फिर्याद वाचून दाखवणे आणि तिची प्रत विनामूल्य देणे कायद्यातच आहे. आम्ही ती सावकाश वाचून घेतली आणि रकमा, तारखा व यूटीआर एकेक करून ताडून पाहिले.

खरा वाद बँकेशी झाला. ग्राहकाने स्वतःच माहिती दिली, तेव्हा तिन्ही व्यवहारांची जबाबदारी त्याचीच, असे छापील उत्तर आले. पहिल्या दोन रकमांपुरते ते अगदीच चूक नव्हते, कारण रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान बँकेला कळवेपर्यंत त्याच्याच माथी राहते. मात्र कळवल्यानंतरचे नुकसान बँकेने सोसायचे असते आणि ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भारही बँकेवरच असतो. मी तक्रार क्रमांक, फोनची वेळ आणि तिसऱ्या व्यवहाराची वेळ एका कागदावर एकाखाली एक मांडून लेखी अर्ज दिला. दाद लागली नाही तेव्हा तीस दिवसांची मुदत संपताच बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे ऑनलाइन तक्रार केली. तिथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. तिसरी रक्कम खात्यात परत आली. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेत सामान्य माणसाच्या सर्वांत कामाचे आणि सर्वांत कमी माहितीचे दार हेच आहे.

ग्राहक आयोगाचा विचारही आम्ही केला होता. २०१९ च्या कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंत शुल्क नसते. पण प्रतिवादी म्हणून कोणाचे नाव घालायचे? ज्याचे नाव, पत्ता, कंपनी सगळेच खोटे, त्याला नोटीस कुठे पाठवणार? बँकेविरुद्ध तो मार्ग खुला होता. लोकपालांकडे काम झाल्यामुळे त्याची गरज पडली नाही.

राहिली ती गोठवलेली रक्कम. पहिल्या दोन व्यवहारांतील साधारण निम्मे पैसे परराज्यातील एका खात्यात अडकले होते, आणि ते आपोआप परत येतील अशी मामांची समजूत होती. तसे होत नाही. रक्कम सोडवण्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर अर्ज करावा लागला. सोबत एफआयआरची प्रत, १९३० चा पोचक्रमांक, खातेउतारा आणि तपास अधिकाऱ्याचा अहवाल लागला. पुढे दुसऱ्या कोणाचा हक्क निघाल्यास पैसे परत करू, असे हमीपत्रही मामांनी लिहून दिले. या काळातच ‘सायबर सेल’मधून बोलतो, प्रक्रिया शुल्क भरा, पैसे लगेच सोडवतो, असा फोन मामींना आला. एकदा फसलेल्यांची यादी पुढे विकली जाते, हे मी त्यांना आधीच सांगून ठेवले होते. त्यांनी गुन्हा क्रमांक विचारला आणि फोन कट झाला.

न्यायालयाचा आदेश बँकेत पोचवल्यावर अडकलेली रक्कम मामांच्या खात्यात जमा झाली. उरलेले पैसे पुढच्या खात्यांतून एटीएमवर रोखीने काढले गेले आहेत आणि त्या खातेदारांचा तपास अद्याप चालू आहे.