घासा, पुन्हा घासा

आज दिवसभर क्लबच्या वर्कशॉपमध्ये ग्लायडरचा, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानाचा, पंख घासत होतो. इथे जर्मनीत हिवाळ्यात उड्डाणं जवळपास बंद, मग सगळे सभासद पॉलिशपेपर घेऊन कामाला. आमचं ग्लायडर एलएस४ मॉडेलचं, ऐंशीच्या दशकातलं. फायबरग्लासचा सांगाडा अजून ठणठणीत आहे, पण वरचा जेलकोट, म्हणजे बाहेरचा गुळगुळीत पांढरा थर, उन्हाने, ओलाव्याने आणि उंचावरच्या थंडीने तडकलाय. भेगा केसाएवढ्या. टॉर्च आडवी धरली की अख्खा पंख जाळीदार दिसतो!

जेलकोट जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. तो काढायचा, पण खालच्या काचतंतूंना ओरखडा जाऊ द्यायचा नाही, कारण ताकद तिथेच. म्हणून मशीन बेताने, बाकी लांब ठोकळ्याला कागद लावून हाताने. पंखाचा आकार जरा बिघडला की कामगिरी गेली. नवा थर फवारल्यावर पुन्हा पाणी मारून घासा, मग पॉलिश. पूर्ण विमानाला शेकडो तास जातात.

बाहेर दिलं तर? बिल जुन्या ग्लायडरच्या किमतीला टेकतं. त्यामुळे बरेच जण पूर्व युरोपातल्या वर्कशॉपांकडे पाठवतात. तिथेही खरा खर्च मजुरीचाच, रंगाचा किरकोळ.

आणि रंगवून झालं म्हणजे संपलं नाही. एलेरॉन, रडर (पंखावरचे आणि शेपटीवरचे हलते भाग) पुन्हा वजन करून तपासायचे. रंग जास्त बसून त्यांचा तोल बिघडला तर वेगात त्यांची फडफड सुरू होते, आणि ती विमान मोडू शकते. ही तपासणी परवानाधारक निरीक्षकासमोर.

खांदे गेलेत. नाकातून अजून पांढरी धूळ येतेय, मास्क लावूनही. बायकोने जॅकेट बाल्कनीतच ठेवायला लावलंय.