चमकणारा तवंग आणि काळा पट्टा

पहाटे फोनवर मिळालेली माहिती तुटक होती. किनाऱ्यापासून काही सागरी मैलांवर तेलवाहू जहाज कच्चे तेल उतरवत असताना तरंगत्या नळीच्या एका जोडातून गळती झाली होती. झडपा बंद करून पंप थांबवण्यात आला होता. गळती थांबली आहे हे कळले की निम्मा जीव भांड्यात पडतो, कारण त्यानंतर निस्तरायचे उरते ते आधीच पाण्यावर पसरलेले तेल. जहाजावरचा अंदाज दोन-तीन टनांचा होता. सात टनांपेक्षा कमी गळती लहान समजली जाते आणि सातशे टनांपलीकडची मोठी. मात्र लहान हे विशेषण समुद्राच्या हिशेबाने आहे. खाडीच्या तोंडाशी आलेले दोन टन तेल तिथल्या चिखलाला आणि पाखरांना लहान नसते.

तेल गोळा करणाऱ्या पथकाची समन्वयक म्हणून पहिले काम नकाशावरचे होते. तवंग प्रवाहाबरोबर त्याच्या पूर्ण वेगाने वाहतो आणि त्यात वाऱ्याच्या वेगाच्या सुमारे 3 टक्के भर पडते. वारा समुद्राकडून बारा नॉटचा, म्हणजे तासाला बारा सागरी मैलांचा होता, त्यामुळे एकट्या वाऱ्याने तेल तासाला जेमतेम एक तृतीयांश सागरी मैल किनाऱ्याकडे सरकणार होते. खरी ओढ भरतीची होती आणि दुपारच्या भरतीचे तोंड थेट खाडीकडे होते.

उजाडताच निरीक्षणाचे विमान वर गेले, आणि दिवसभराचा वादही तिथूनच सुरू झाला. किनाऱ्यावरून दिसत होता तो इंद्रधनुषी रंगांचा आणि त्याच्या कडेने रुपेरी चकाकीचा विस्तीर्ण पट्टा. फोनवर फोन येत होते, तेल इथे आहे, बोटी तिकडे कसल्या पाठवता. विमानातल्या निरीक्षकाने मात्र त्या चकाकीच्या बरेच मागे, वाऱ्याच्या दिशेने लांबट पसरलेला, तपकिरी-काळा अरुंद पट्टा टिपला होता.

तवंगाची जाडी रंगावरून ठरवण्याची एक मान्य पद्धत आहे. रुपेरी चकाकी ०.३ मायक्रॉनपेक्षाही पातळ असते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तशा एका चौरस किलोमीटरमध्ये फार तर तीनशे लिटर तेल असते. इंद्रधनुषी थर पाच मायक्रॉनपर्यंतचा. तेलाचा मूळ रंग सलग दिसू लागला की जाडी दोनशे मायक्रॉनच्या पुढे गेलेली असते, म्हणजे शंभर मीटर लांब-रुंद अशा एवढ्याशा तुकड्यात दोन हजार लिटरांहून अधिक. चकाकी गोळा करता येत नाही. स्किमरला, म्हणजे पाण्यावरचे तेल उचलणाऱ्या यंत्राला, तिथे पाण्याशिवाय काही मिळत नाही आणि ती ऊन-वाऱ्याने बहुधा आपोआप विरते. म्हणून दोन्ही बोटी काळ्या पट्ट्याकडे गेल्या आणि किनाऱ्यावरची नाराजी मी पत्करली.

दुसरा आग्रह फवारणीचा होता. डिस्पर्संट, म्हणजे तेलाचे बारीक थेंब करणारे रसायन, मारले की तेल दिसेनासे होते, त्यामुळे त्याची मागणी सर्वांत मोठ्या आवाजात होते. दिसेनासे झालेले तेल सूक्ष्म थेंब होऊन खालच्या पाण्यात उतरते आणि ते विरळ व्हायला खोली लागते. खाडीजवळच्या उथळ पाण्यात ती नव्हती. 1967 मध्ये टॉरी कॅनियन या जहाजाच्या अपघातानंतर इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर तेव्हाची विषारी प्रक्षालके मुक्तहस्ते वापरली गेली आणि खडकांवरच्या जीवांची त्यांनी तेलापेक्षा अधिक हानी केली. आजची रसायने तितकी जहाल नाहीत, पण उथळ पाण्याचा नियम बदललेला नाही. मी परवानगी मागितलीच नाही.

बोटींनी वाऱ्याच्या वरच्या अंगाने, वायुमापक चालू ठेवून तवंग गाठला. ताज्या कच्च्या तेलातून उडणारे बेंझीन फुप्फुसात घेण्याची कोणालाच हौस नसते. मग दोन बोटींमध्ये बूम, म्हणजे पाण्यावर तरंगणारा, खाली झालर असलेला लांब अडसर, इंग्रजी यू अक्षराच्या आकारात ओढायला सुरुवात झाली. बूमच्या सापेक्ष पाण्याचा वेग पाऊण नॉटपर्यंत पोहोचला की तेल झालरीखालून निसटते, त्यामुळे एरवी वेगाने धावणाऱ्या बोटी रांगत न्याव्या लागतात आणि तांडेलांचा संयम पणाला लागतो. एकदा एका बोटीने जरा जोर घेतला आणि बूमच्या मागे तपकिरी थेंबांची माळ वर येताना सर्वांनी पाहिली. त्यानंतर वायरलेसवर वेगाखेरीज दुसरा विषय नव्हता.

बूमच्या तळाशी साचलेल्या तेलात चकत्यांचा स्किमर सोडला. तेल फिरत्या चकत्यांना चिकटते, पाणी चिकटत नाही, आणि पट्टी ते खरवडून पन्हळीत पाडते. पहिला तासभर हे झकास चालले. नंतर लाटांनी घुसळलेल्या तेलात पाणी मुरत गेले आणि ओल्या चिकणमातीसारखा गोळा चकत्यांवरून घसरू लागला. ब्रशचा स्किमर लावल्यावर काम पुढे सरकले, पण अशा मिश्रणात सत्तर टक्क्यांहून अधिक पाणी असू शकते, म्हणजे एका टनाचे तीन-चार टन होतात. दुपारपर्यंत टाकी भरत आली. तळाशी निवळलेले पाणी बूमच्या आतच परत सोडण्याची लेखी परवानगी मिळेपर्यंत स्किमर बंद ठेवावा लागला. दिवसातला सर्वांत चिडचिडीचा वेळ तोच.

दरम्यान खाडीच्या तोंडाशी दुसरी बूम प्रवाहाला आडवी न लावता तिरकी लावली होती, जेणेकरून निसटून आलेले तेल तिच्या कडेने सरकत वाळूच्या पट्ट्याकडे वळावे. चिखलातून तेल काढता येत नाही, वाळूवरून फावड्याने काढता येते. भरतीबरोबर आलेले थोडे तेल तिथेच लागले आणि यंत्रे न उतरवता माणसांनी वरचा पातळ थर उचलला. पाठवलेल्या नमुन्यांसाठी काचेच्या बाटल्या वापरल्या, कारण प्लॅस्टिकमधली द्रव्ये तेलात उतरून चाचणी बिघडवतात.

संध्याकाळी अहवालासाठी एकच आकडा हवा होता, किती सांडले. विमानाचा अंदाज, जहाजाच्या टाक्यांची मोजणी आणि आमच्या टाकीतले पाणीमिश्रित तेल यांचा मेळ बसेना, शिवाय हलके घटक पहिल्या काही तासांतच उडून गेले होते. मी तिन्ही आकडे त्यांच्या पद्धतींसह वेगवेगळे लिहिले. एकच आकडा द्या म्हणून अहवाल परत आला, तेव्हा तसाच पुन्हा पाठवला.